नवारिनो १८२७: एकमेकांना पाण्यात पाहणारी तीन आरमारं एकत्र कशी लढली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवारिनोची लढाई म्हणजे नेमकी कोणती?

ग्रीसच्या नैऋत्य किनाऱ्यावर नवारिनो नावाचं एक मोठं नैसर्गिक बंदर आहे. २० ऑक्टोबर १८२७ रोजी तिथे इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांच्या एकत्रित आरमाराने तुर्की आणि इजिप्शियन आरमाराचा सुमारे चार तासांत फडशा पाडला. या तिन्ही देशांनी तुर्कस्तानशी युद्ध पुकारलेलं नव्हतं. त्या दिवशीही तिघांचे राजदूत कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, ठाण मांडून होते. निव्वळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई म्हणून आरमारी इतिहासात तिचं नाव घेतलं जातं. पण तिच्यामागची युती लढाईपेक्षाही विलक्षण आहे, आणि वाचकांचे बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलच असतात.

हे तिघे एकमेकांचे वैरी होते, म्हणजे किती?

तारखांकडे पाहिलं की कळतं. १८०५ मध्ये ट्रफाल्गरला इंग्रजांनी फ्रेंच आणि स्पॅनिश आरमार बुडवलं. १८१२ मध्ये नेपोलियन थेट मॉस्कोपर्यंत घुसला. १८१५ मध्ये वॉटर्लू. नवारिनोच्या वेळी या सगळ्याला जेमतेम बारा ते बावीस वर्षं झाली होती, म्हणजे लढलेली माणसं अजून नोकरीत होती. इंग्रज व्हाइस ॲडमिरल सर एडवर्ड कॉड्रिंग्टन हे ट्रफाल्गरला ‘ओरायन’ जहाजाचे कप्तान होते. फ्रेंच रिअर ॲडमिरल आंरी द रिन्यी यांची सगळी उमेदवारी नेपोलियनच्या काळातली. रशियन रिअर ॲडमिरल हेडन तर जन्माने डच, पुढे रशियाच्या चाकरीत गेलेले.

इंग्लंड आणि रशियाचं वैर तेव्हा नव्याने तापत होतं, आणि त्याचा हिंदुस्थानशी थेट संबंध होता. १८२६ ते १८२८ या काळात रशिया आणि इराणचं युद्ध चालू होतं. इराणला मदत करण्याचा करार इंग्रजांनी १८१४ मध्ये केला होता, कारण रशियाने हिंदुस्थानच्या वाटेवर पुढे सरकू नये ही त्यांची जुनी काळजी. तरीही इंग्रजांनी इराणला वाऱ्यावर सोडलं. भूमध्य समुद्रात रशियन जहाजं इंग्रजांच्या सोबतीने चालत होती, त्याच महिन्यांत रशियन फौजा इराणचा मुलूख घेत होत्या. तात्पुरत्या युतीची किंमत बहुतेक वेळा अशी तिसऱ्याच कोणालातरी मोजावी लागते.

मग ग्रीकांच्या भांडणात हे पडले कशाला?

ग्रीकांनी १८२१ मध्ये तुर्की सुलतानाविरुद्ध उठाव केला. पहिली चार वर्षं युरोपातली सरकारं हातावर हात ठेवून बसली, कारण उठाव म्हटलं की त्यांना फ्रेंच राज्यक्रांती आठवायची. लोकांचं मन मात्र ग्रीकांकडे होतं. ग्रीकांच्या मदतीला गेलेला इंग्रज कवी बायरन ग्रीसमधल्या मिसोलोंगी गावी १८२४ मध्ये वारला, आणि त्याच्या मृत्यूने इंग्लंड-फ्रान्समध्ये ग्रीकांसाठी जेवढी सहानुभूती जमली तेवढी आधी कधी जमली नव्हती.

१८२५ मध्ये पारडं फिरलं. सुलतानाने इजिप्तचा आपला सुभेदार महंमद अली याला मदतीला बोलावलं आणि त्याचा मुलगा इब्राहिम पाशा युरोपियन पद्धतीने कवायत शिकलेली फौज घेऊन मोरियात, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, उतरला. १८२६ मध्ये मिसोलोंगी पडलं, जून १८२७ मध्ये अथेन्सचा अक्रोपोलिस गेला. ग्रीक उठाव संपल्यात जमा होता. इब्राहिम मोरियातले ग्रीक हलवून तिथे इजिप्तमधली माणसं वसवणार, अशी बातमी युरोपभर पसरली होती.

व्यवहाराची कारणंही होतीच. ग्रीक समुद्रात चाचेगिरी बोकाळली होती आणि इंग्रज व्यापारी रडकुंडीला आले होते. लंडनच्या सावकारी पेढ्यांनी १८२४ आणि १८२५ मध्ये ग्रीकांना मोठी कर्जं उभी करून दिली होती. ग्रीस बुडाला तर ती बुडणार होती.

खरं कारण मग कोणतं? धर्म, व्यापार की राजकारण?

तिन्ही होती, पण निर्णायक कारण होतं एकमेकांची भीती. रशियाला तुर्कस्तानशी लढायला निमित्त हवंच होतं. डिसेंबर १८२५ मध्ये झार अलेक्झांडर वारला आणि गादीवर आलेला निकोलस थांबणाऱ्यांतला नव्हता. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी ओळखलं की रशिया एकटा गेला तर कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाईल. त्याला अडवता येत नसेल, तर त्याच्याबरोबर जावं आणि त्याचा हात धरून ठेवावा. म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनना सेंट पीटर्सबर्गला धाडलं गेलं आणि ४ एप्रिल १८२६ रोजी दोन्ही देशांत ग्रीसबद्दल मसुदा ठरला.

आता ही दोघं एकत्र गेली तर भूमध्य समुद्रात आपल्याला कोण विचारणार, म्हणून फ्रान्सही आला. इंग्लंड रशियावर डोळा ठेवायला गेलं, फ्रान्स दोघांवर, आणि इंग्लंडची साथ असली की ऑस्ट्रिया आड येणार नाही म्हणून रशियाने दोघांना चालवून घेतलं. माझ्या मते ही युती टिकली ती यामुळेच. विश्वासावर उभी असती तर पहिल्या संशयालाच कोसळली असती. ही संशयावरच उभी होती, त्यामुळे नवा संशय आला तरी तिला धक्का बसत नव्हता.

ऑस्ट्रिया आणि प्रशिया कुठे होते?

बाहेर. ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटरनिख याला कुठल्याही उठावाला हात लावणं म्हणजे युरोपची घडी विस्कटणं वाटायचं. प्रशिया त्याच्या मागे राहिला.

लंडनच्या तहात काय लिहिलं होतं?

६ जुलै १८२७ रोजी तिघांनी लंडनला सह्या केल्या. ग्रीस सुलतानाचा मांडलिक राहील, वार्षिक खंडणी देईल, पण कारभार स्वतः करील. दोन्ही बाजूंनी लगेच लढाई थांबवायची आणि तिघांची मध्यस्थी मान्य करायची. यात एक कलम फार मोलाचं आहे: तिघांपैकी कोणीही या कामातून मुलूख, खास अधिकार किंवा इतरांना न मिळणारी व्यापारी सवलत घेणार नाही. वैऱ्यांनी एकत्र काम करायचं तर आधी लुटीचा प्रश्न मिटवावा लागतो, हे मसुदा लिहिणाऱ्यांना पक्कं कळलं होतं.

खरी गोम गुप्त कलमात होती. सुलतानाने ठरलेल्या मुदतीत ऐकलं नाही तर तिघे ग्रीकांशी व्यापारी संबंध जोडतील, आणि लढणाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतील, पण स्वतः लढाईत भाग घेणार नाहीत. तह होऊन काही दिवस उलटतात न उलटतात तोच हे गुप्त कलम लंडनच्या वर्तमानपत्रात छापूनही आलं.

ग्रीकांनी मध्यस्थी लगेच मानली. त्यांच्याकडे गमवायला काही उरलंच नव्हतं. सुलतान महमूदने साफ नकार दिला.

लढाईत भाग न घेता लढाई थांबवायची कशी?

हाच प्रश्न कॉड्रिंग्टननी कॉन्स्टँटिनोपलच्या इंग्रज राजदूताला, स्ट्रॅटफर्ड कॅनिंग यांना, विचारला. उत्तर आलं ते असं: ग्रीसला जाणारी रसद आणि फौज अडवायची, आणि बाकी सगळे उपाय थकले तर शेवटी तोफेच्या गोळ्याने अडवायची.

लंडनच्या टेबलावर तिघांनाही पटेल असं वाक्य हवं होतं, म्हणून ते धूसर ठेवलं गेलं. त्यात लंडनचे जॉर्ज कॅनिंग स्वतः ८ ऑगस्टला वारले आणि ज्यांच्या डोक्यात या तहाचा पूर्ण आराखडा होता तोच माणूस गेला. धूसर वाक्याचा अर्थ लावण्याचं ओझं समुद्रावरच्या तीन माणसांवर येऊन पडलं. पुढे जे झालं त्याचा दोष त्यांच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

तीन आरमारं, तीन भाषा. हुकूम कोणाचा चालायचा?

कॉड्रिंग्टन व्हाइस ॲडमिरल, बाकी दोघे रिअर ॲडमिरल, त्यामुळे हुद्द्याने तेच वरचढ ठरले आणि इतर दोघांनी ते मानलं. मन मात्र साफ नव्हतं. इजिप्तचं आरमार उभं करण्यात फ्रेंच अधिकाऱ्यांचा हात होता, आणि लेतेलिए नावाचा फ्रेंच अधिकारी तर प्रत्यक्ष नवारिनोत इजिप्शियन जहाजांची मांडणी करून देत होता. म्हणजे फ्रेंच दोन्ही बाजूंना! द रिन्यींनी त्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवून बाहेर पडायला सांगितलं. कॉड्रिंग्टननीही शहाणपणाने फ्रेंच जहाजांची जागा नेमकी इजिप्शियन जहाजांसमोर ठरवली, म्हणजे त्यांच्यावर आपल्याच देशबांधवांचा धाक राहील. रशियन जहाजांना बंदराच्या आतली, पश्चिमेकडची जागा मिळाली. ती सगळ्यांत शेवटी गाठायची होती, म्हणजे मारा झेलतच.

इब्राहिम पाशाने शब्द मोडला, असं म्हणतात. खरं आहे का?

उत्तर सरळ नाही. २५ सप्टेंबरला कॉड्रिंग्टन आणि द रिन्यी त्याला त्याच्या तंबूत भेटले. कॉन्स्टँटिनोपलहून नवे हुकूम येईपर्यंत आरमार हलवणार नाही, असं तो तोंडी बोलला. लेखी काहीच झालं नाही. त्यानंतर चारच दिवसांत ग्रीकांच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी फ्रँक ॲबनी हेस्टिंग्ज ‘कार्तेरिया’ ही वाफेवर चालणारी युद्धनौका घेऊन कोरिंथच्या आखातात शिरला आणि त्याने तिथली तुर्की जहाजं उडवली. इब्राहिम म्हणाला, मी हात बांधून बसायचं आणि ग्रीकांनी मोकाट फिरायचं, हा कुठला न्याय? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याने त्या आखाताच्या तोंडाजवळच्या पात्रास बंदराकडे जहाजं पाठवली. कॉड्रिंग्टननी मोजक्या जहाजांनिशी त्यांना परत फिरवलं.

पण मग त्याच्या फौजेने नवारिनोच्या आसपासच्या मेसेनिया भागात घरं, ऑलिव्हच्या आणि अंजिराच्या बागा जाळायला सुरुवात केली. धूर समुद्रावरून दिसत होता. इंग्रज कप्तान हॅमिल्टन किनाऱ्यावर जाऊन आला आणि त्याने कळवलं की माणसं गुहांतून राहताहेत, उकडलेलं गवत खाताहेत. ऑलिव्हचं झाड नव्याने फळाला यायला किती वर्षं लागतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ते जाळणं म्हणजे पुढच्या पिढीचं पोट जाळणं. या बातमीनंतर तिन्ही ॲडमिरलांच्या मनात फारसा संशय उरला नाही.

बंदरात शिरायचं कोणी ठरवलं?

तिघांनी मिळून, १८ ऑक्टोबरला, लेखी. हिवाळा तोंडावर होता. बाहेर उघड्या समुद्रात नाकेबंदी करत राहिलं तर एका वादळात जहाजं पांगली असती आणि इब्राहिम निसटला असता. म्हणून आत जाऊन त्याच्या आरमारासमोर नांगर टाकायचा आणि धाकाने त्याला घरी पाठवायचं, असं ठरलं. त्याला पाठवलेलं पत्र त्याच्या माणसांनी परत केलं. पाशा कुठे आहेत ठाऊक नाही, असं सांगितलं गेलं. लढाईच्या दिवशीही तो बंदरात नव्हता.

पहिली गोळी कोणी झाडली?

दुपारी दोनच्या सुमारास, मंद वाऱ्यावर, कॉड्रिंग्टनचं ‘एशिया’ सर्वांच्या पुढे बंदरात शिरलं. समोर तुर्की-इजिप्शियन जहाजं घोड्याच्या नालासारखी तीन ओळींत उभी होती. आत येण्याची परवानगी नाही, असा निरोप घेऊन एक होडी आली. मी हुकूम घ्यायला आलेलो नाही, द्यायला आलोय, असं उत्तर गेलं. तरी तुर्कांनी आधी मारा केल्याशिवाय एकही तोफ डागायची नाही, असा आपल्या सगळ्या जहाजांना कॉड्रिंग्टनचा सक्त हुकूम होता.

नालाच्या टोकाशी तुर्कांनी आगीची जहाजं ठेवली होती, म्हणजे ज्वालाग्राही माल भरून पेटवून शत्रूवर सोडायची. त्यांतल्या एकावर हालचाल दिसली, तेव्हा इंग्रज ‘डार्टमाउथ’च्या कप्तानाने ते बाजूला घ्या असं सांगायला होडी पाठवली. तिच्यावर बंदुका झाडल्या गेल्या आणि लेफ्टनंट फिट्झरॉय मारला गेला. ‘डार्टमाउथ’ने आणि जवळच्या फ्रेंच ‘सिरेन’ने बंदुकांनी उत्तर दिलं, मग एका इजिप्शियन जहाजाने ‘सिरेन’वर तोफ डागली. कॉड्रिंग्टननी शेजारच्या इजिप्शियन ॲडमिरलकडे, मोहरम बेकडे, आपला ग्रीक वाटाड्या पाठवून पाहिला, की आम्हाला लढायचं नाही. तो निरोप्याही मारला गेला. त्यानंतर कोणी कोणाला थांबवू शकलं नाही.

तुर्की-इजिप्शियन जहाजं कितीतरी जास्त होती. मग ती हरली कशी?

दोस्तांची जहाजं साधारण २७, समोर लहानमोठी सत्तरहून अधिक. पण संख्येवर जाऊ नये. दोस्तांकडे दोन-तीन मजली तोफांची दहा मोठी जहाजं होती, समोर फक्त तीन. बाकीची फ्रिगेट, कॉर्व्हेट आणि त्याहून लहान. सगळ्यांनी नांगर टाकलेला, त्यामुळे डावपेचाला वावच नाही. समोरासमोर उभं राहून कोण जास्त जलद आणि नेमका मारा करतो एवढाच हिशेब. त्यात सरावलेल्या गोलंदाजांनी बाजी मारली.

दोस्तांचे सुमारे १८० लोक मेले, जहाज एकही बुडालं नाही. इंग्रज ‘जिनोआ’चे कप्तान बाथर्स्ट त्यात गेले, आणि कॉड्रिंग्टनचा स्वतःचा मुलगा हेन्री जखमी झाला. समोरच्या बाजूला मेलेल्यांचा आकडा हजारांत होता. रात्रभर पेटलेली जहाजं फुटत राहिली. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बरीच तुर्कांनी स्वतःच उडवून दिली.

ऐन लढाईत या तिघांनी खरोखर एकमेकांना मदत केली का?

केली, आणि मनापासून. रशियन ‘अझोव’ अनेक जहाजांच्या कचाट्यात सापडलं होतं. फ्रेंच ‘ब्रेस्लाउ’च्या कप्तानाने आपली जागा सोडून ते जहाज रशियनांच्या मदतीला आणलं. वरून तसा हुकूम नव्हता. मॉस्को जळून पंधरा वर्षंच झाली होती, हे लक्षात घ्या.

‘एशिया’ हे जहाज मुंबईत बांधलेलं होतं, हे खरं का?

अगदी खरं. ८४ तोफांचं हे जहाज सागवानात, मुंबईच्या गोदीत, वाडिया कारागिरांच्या देखरेखीखाली बांधलं गेलं आणि १८२४ मध्ये पाण्यात उतरलं. तेव्हा मुख्य बांधकामी होते नौरोजी जमशेदजी वाडिया. नवारिनोत दोन ॲडमिरलांच्या जहाजांमध्ये ते उभं राहिलं, मागची डोलकाठी गमावली, तरी तरंगत राहिलं. ओकच्या लाकडापेक्षा सागवान टिकाऊ, ही मुंबईच्या गोदीची ख्याती होती. याच गोदीत १८१७ मध्ये बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. ग्रीसच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत मुंबईच्या सुतारांचा घाम आहे, हे आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवं असं मला फार वाटतं.

एवढा विजय मिळूनही लंडनला आनंद का झाला नाही?

कारण विजय फार मोठा झाला. इंग्लंडला तुर्कस्तान नमवायचा होता, लुळा करायचा नव्हता. लुळ्या तुर्कस्तानचा फायदा थेट रशियाला. जानेवारी १८२८ मध्ये वेलिंग्टन पंतप्रधान झाले आणि राजाच्या भाषणात या लढाईचा उल्लेख अनिष्ट घटना असा केला गेला. ज्या वेलिंग्टननी १८२६ च्या मसुद्यावर सही केली होती, त्यांच्याच सरकारने हे म्हटलं. कॉड्रिंग्टनना आधी मोठा किताब मिळाला, मग वर्षभराच्या आत परत बोलावणं आलं.

ग्रीस लगेच स्वतंत्र झाला का?

नाही. सुलतानाने हार मानली नाही. एप्रिल १८२८ मध्ये रशियाने तुर्कस्तानशी उघड युद्ध सुरू केलं, म्हणजे कॅनिंगना जे टाळायचं होतं तेच झालं. त्याच वर्षी फ्रेंच फौज मोरियात उतरली आणि इजिप्शियन फौज परत गेली. १८२९ मध्ये एड्रियानोपलच्या तहाने रशियाचं युद्ध संपलं, आणि ३ फेब्रुवारी १८३० रोजी तिघांनी लंडनला ग्रीसचं पूर्ण स्वातंत्र्य मान्य केलं. ग्रीस खंडणी देणारा मांडलिक राहिला असता तर तो रशियाच्या ओंजळीने पाणी प्यायला असता, अशी भीती इंग्लंडला वाटली. ग्रीकांना स्वातंत्र्य मिळालं त्यात या भीतीचाही वाटा आहे.

राजा म्हणून बव्हेरियाचा अल्पवयीन राजपुत्र ओटो निवडला, कारण तो तिघांपैकी कोणाचाच नव्हता. तरी ग्रीसच्या राजकारणात पुढे इंग्रज पक्ष, फ्रेंच पक्ष आणि रशियन पक्ष उघडपणे त्याच नावांनी चालले.

ही युती शेवटी किती टिकली?

ग्रीसच्या कामापुरती, पाच-सहा वर्षं. पुढची गोष्ट चटका लावणारी आहे. नवारिनोला ‘अझोव’वर लाझारेव हे कप्तान होते आणि त्यांच्या हाताखाली नाखिमोव, कोर्निलोव, इस्तोमिन ही तरुण मंडळी. नोव्हेंबर १८५३ मध्ये नाखिमोवने तुर्कस्तानच्या सिनोप बंदरात तुर्की आरमार जाळलं. या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने युद्धात उतरले. क्रिमियातल्या सेवास्तोपोल या रशियन बंदराच्या वेढ्यात कोर्निलोव १८५४ मध्ये, इस्तोमिन आणि नाखिमोव १८५५ मध्ये, इंग्रज-फ्रेंचांच्या माऱ्यात मारले गेले. त्याच वेढ्यात समोरच्या बाजूला इंग्रज फौजेत कॉड्रिंग्टनचा मुलगा विल्यम होता; पुढे तो क्रिमियातल्या इंग्रज फौजेचा सेनापती झाला.

आपल्या किनाऱ्यावर असं कधी झालं होतं का?

झालं होतं, आणि फसलं होतं. १७२१ मध्ये मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज कान्होजी आंग्रे यांच्याविरुद्ध एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाची जहाजंही आली होती. वर्षअखेरीस दोघांनी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाल केली. हल्ला मोडला, थोरले बाजीराव फौज घेऊन मदतीला आले, आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह करून टाकला. इंग्रज एकटे पडले.

नवारिनोशी तुलना करताना मला एक फरक मोठा दिसतो. नवारिनोत कोणी एकटा बाहेर पडला असता तर उरलेल्या दोघांना मोकळं रान मिळालं असतं, म्हणून कोणी पडलं नाही. कुलाब्याला पोर्तुगीजांचा साष्टी-वसईचा सगळा मुलूख मराठ्यांच्या शेजारी होता. त्यांना परस्पर तहात फायदा होता, आणि इंग्रजांना दुखावण्यात फारसं नुकसान नव्हतं.

आज तिथे काय पाहता येतं?

गावाचं नाव आता पायलोस. गावातल्या चौकाला तीन ॲडमिरलांचं नाव आहे आणि तिथल्या स्मारकावर तिघांचीही शिल्पं आहेत. बंदरातल्या वेगवेगळ्या बेटांवर इंग्रज, फ्रेंच आणि रशियन मृतांची स्वतंत्र स्मारकं आहेत. बोटीने तिथे जाता येतं. जायचं असेल तर २० ऑक्टोबरच्या सुमारास जावं, त्या दिवशी गावात लढाईचा स्मृतिदिन साजरा होतो.